गुलाबबाईंचं पेव

गुलाबबाईंना स्वस्थ बसलेलं कळंबात कुणी पाहिलं नव्हतं. बसल्या तर पायाचा अंगठा हलायचा, उठल्या तर पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जायचं, आणि हाताला काहीच सापडलं नाही तर फडताळातले पितळी डबे उगाच मागचे पुढे आणि पुढचे मागे व्हायचे. पायाला भिंगरी आणि जिवाला घोर, दोन्ही त्यांनी माहेराहून आंदण आणल्यासारखी आणली होती. माहेर घोडनदीचं. अठराव्या वर्षी त्या सुगनचंद शेठांच्या घरात आल्या, त्यालाही आता चाळीस वर्षं उलटून गेली होती. शेठांचे आजोबा राजस्थानातून आले आणि पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या या गावात किराणा-भुसाराचं दुकान टाकून बसले ते बसलेच. घरात मारवाडी, ओट्यावर मराठी, आणि गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की दोन्ही.

सासूबाईंनी जाताना सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या, तशी दोन कामंही दिली. पहिलं काम पाण्याचं. परसातल्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर जे काही उरेल, मग ते डोळ्यांना दिसो न दिसो, गाळलेल्या पाण्यानं हलकेच धुऊन पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं. त्याला जीवाणी म्हणायचं. ती वरून ओतायची नाही. उंचावरून पडून बारीक जीव मरतात. बादली सावकाश पाण्याला टेकवायची आणि मग कलती करायची. गुलाबबाई एरवी चपात्याही पळत पळत लाटत, पण हे काम करताना त्यांचा हात अगदी संथ व्हायचा.

दुसरं काम पेवाचं. हे घर शेठांच्या वडिलांनी एका शेतकऱ्याकडून घेतलं, तेव्हा परसातलं ज्वारी साठवायचं पेव घरासोबतच आलं. जमिनीखाली मोठ्या रांजणासारखा खड्डा, वर जेमतेम माणूस शिरेल एवढं तोंड, त्यावर दगडी झाकण. दुकानदाराला पेवाचा काय उपयोग? सासूबाईंनी तो शोधला. दुकानात पावसाळ्यात पोत्यांना कीड लागे. असलं धान्य उन्हात टाकलं की किडे तडफडून मरणार, पावडर टाकली तर त्याहून वाईट. तेव्हा ते पेवात सोडून द्यायचं. अंधार आहे, खायला आहे, आपलं आयुष्य पुरं करतील बिचारे. गिऱ्हाइकाला किडकं विकायचं नाही आणि किड्याला मारायचं नाही, ही दोन्ही व्रतं एका खड्ड्यात सुखानं नांदत होती. झाकण जरासं सरकवायचं, पोतं उपडं करायचं, हात जोडायचे आणि झाकण लावायचं. आत डोकावून मात्र कधी कुणी पाहिलं नव्हतं.

परसाच्या भिंतीपलीकडे शेठांचीच मोकळी जागा होती. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये भिमाजी ऑइल इंजिनं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. आला तेव्हा नुकती विशी ओलांडली होती, आता कानाशी केस पिकले होते. रोज दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "काकी, पाणी!" आणि गुलाबबाई गाळलेल्या पाण्याचा तांब्या भिंतीवर ठेवायच्या. तांब्या कुणी हातात द्यायचा नाही, भिंतीवर ठेवायचा, अशी काही रीत नव्हती. भिमाजीचे हात काळे असायचे आणि गुलाबबाईंना उभं राहायला वेळ नसायचा, म्हणून तसं पडलं होतं.

दोन हजार चारच्या श्रावणात विहिरीचं पाणी बिघडलं.

गल्लीतल्या आठ-दहा घरच्या बायका याच विहिरीवर यायच्या, कारण नळाचा भरवसा नव्हता. आधी सखूबाईनं नाक मुरडलं. म्हणाली, "काकी, पान्याला नासक्या अंड्याचा वास येतोय बगा." गुलाबबाईंना अंड्याचा वास ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण नाव ऐकल्याबरोबर त्यांनी पदर नाकाला लावला. पाणी काढताना स्वच्छ दिसे. घागरीत तासभर राहिलं की तांबूस व्हायचं, तळाला गंजासारखा गाळ बसायचा, धुतलेल्या धोतराला डाग पडायचे. गुलाबबाईंची झोप उडाली. फडकं दुहेरीचं तिहेरी झालं, घागरी चिंचेनं घासून झाल्या, पण वास काही जाईना.

आणि मग एका सकाळी, विहिरीच्या काठावरच्या दगडी डोणीत साठलेल्या पाण्यावर त्यांना तवंग दिसला. निळा, जांभळा, मोरपिशी. गाड्यांच्या अड्ड्यावर पावसात दिसतो तस्सा.

"ऑइल!" गुलाबबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की रहाटावरची बाई थांबली. "हे ऑइल आहे! भिमाजीचं! भिंतीखालून झिरपून आलंय. वीस वर्षं आम्ही याला पाणी पाजलं, आणि यानं आमची विहीर नासवली!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. रांगेत घागर घेऊन भिमाजीची बायको झुंबरबाई उभी होती, हे त्यांना दिसलंही नाही. झुंबरबाई भांडली नाही. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती तशीच निघून गेली, आणि त्या दिवसापासून शाळेजवळच्या हापशावर जाऊ लागली. दुपारी भिमाजी स्वतः परसात आला. म्हणाला, "काकी, माझं जळकं ऑइल मी डब्यात भरतो. बैलगाडीच्या आसाला लावाया लोक मागून नेत्यात. थेंब बी सांडत नाय." गुलाबबाई म्हणाल्या, "मग हे काय आभाळातून पडलं?" भिमाजीनं डोणीकडे बघितलं, गुलाबबाईंकडे बघितलं, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तांब्या होता, पण पालथा.

गावात बोल पसरायला वेळ लागत नाही. जो विहीर नासवतो त्याच्याकडे मोटर कशी टाकायची, असं म्हणत चार शेतकरी मंचरला जाऊ लागले. सुगनचंद शेठ तसे मऊ माणूस, पण त्यांच्या मनात त्या जागेवर गाळे काढायचं होतंच. त्यांनी भिमाजीला सांगितलं, "गुढीपाडव्यापर्यंत जागा मोकळी कर." भिमाजी नुसता "बरं" म्हणाला.

ग्रामपंचायतीचा शिपाई कुशाबा विहिरीत टाकायला जंतुनाशक पावडरीचा डबा घेऊन आला, तेव्हा गुलाबबाई विहिरीला आडव्या उभ्या राहिल्या. "यात लाखो जीव आहेत. माझ्या डोळ्यांदेखत नाही टाकू द्यायची." कुशाबा डबा घेऊन माघारी फिरला. सखूबाई फटकळ. जाताना म्हणाली, "काकीला किड्यांची लई दया. मान्सांची नाय." गुलाबबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि दिवसभर डबे मागचे पुढे करत राहिल्या.

भाद्रपदात संवत्सरी आली. या दिवशी जैन माणूस घरोघर हात जोडून फिरतो; वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं त्याची क्षमा मागतो. गुलाबबाई दरसाल सगळ्या गल्लीत फिरायच्या. यंदाही निघाल्या, आणि सवयीनं पाय भिमाजीच्या शेडकडे वळले. शेडच्या दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठं आलोय, पण आता मागं फिरणंही शोभत नव्हतं.

"भिमाजी, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर."

भिमाजी इंजिनापाशी उकिडवा बसला होता. बोळ्यानं हात पुसत म्हणाला, "कशाबद्दल, काकी?"

"असंच. सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल नगं. एक कायतरी सांगा."

गुलाबबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"दरसाल तुमी म्हनता, मी बी म्हनतो, माफ," भिमाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "या साली नाव घिऊन मागा. मग बगू." आणि तो पुन्हा पाना घेऊन नट आवळायला लागला.

त्या रात्रीपासून गुलाबबाईंच्या मनात कुसळ शिरलं. मी खोटं बोलले का? तवंग तर होता. सगळ्यांनी पाहिला. मग हे आत काय टोचतंय? चार दिवसांनी स्वैपाकघरात तळण काढताना परातीतल्या पाण्यात तेलाचा थेंब पडला. त्यांनी चाळा म्हणून त्यात केरसुणीची काडी फिरवली. तवंग फुटला, बाजूला झाला आणि काडी काढताच पुन्हा जुळला. गुलाबबाई पाहतच राहिल्या. मग गॅस बंद करून, तळण तसंच टाकून, काडी हातात घेऊन त्या परसात धावल्या.

डोणीतल्या तवंगाला त्यांनी काडी लावली. तो फुटला. काचेचा तुकडा फुटावा तसा फुटला, कडा धारदार, आणि तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले. जुळले नाहीत. पुन्हा काडी मारली. अजून तुकडे झाले. चाळीस वर्षं तेल हाताळलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. हे काहीही असो, तेल नव्हतं.

आता सरळ उठून भिंतीपलीकडे जायचं की नाही? पण नाही गेल्या. माणसाची जीभ आरोप करायला जेवढी सैल, तेवढी तो मागं घ्यायला जड. मनाशी म्हणाल्या, नसेल तेल, पण काहीतरी त्याच्याकडचंच असेल. रॉकेल असेल. ग्रीस असेल. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे ठाऊक असून त्या कोंबडं झाकत राहिल्या.

नात रिद्धी पुण्यात बी.एस्सी. करत होती, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पर्युषणाला आली होती तेव्हा ती कॉलेजच्या कामासाठी आपल्या विहिरीचं आणि गावातल्या आणखी काही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली होती. दिवाळीला आली ती बोलतच घरात शिरली.

"दादी, तुझी विहीर म्हणजे गंमत आहे! सगळ्या गावाच्या पाण्यात शेतातल्या खतांचा नायट्रेट उतरलाय, भरपूर. तुझ्या विहिरीत नावालाही नाही. आणि लोखंड मात्र एवढं की विचारू नकोस."

"लोखंड कुठून आलं? भिमाजीच्या इंजिनाचं?" गुलाबबाईंनी आशेनं विचारलं. होय, आशेनंच.

"इंजिनाचं कसलं! आपल्या मुरमातलं, काळ्या खडकातलं." रिद्धी ओट्यावर मांडी घालून बसली. "ऐक. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. जमिनीत जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना कुजकं काही खायला मिळालं की ते वाढतात, आणि खाताना ती हवा संपवतात. हवा संपली की मरत नाहीत ते. काही जण नायट्रेटवर श्वास घेतात, म्हणून तो तुझ्या विहिरीतून नाहीसा झाला. तो संपला की दुसरे जण खडकातल्या लोखंडावर भागवतात. एरवी लोखंड खडकाला गच्च धरून असतं. यांच्यामुळे ते सुटून पाण्यात येतं. आणखी काही असतात, त्यांच्यामुळे तो घाण वास येतो."

"आणि तवंग?"

"पाणी वर आलं, हवा लागली की त्या लोखंडाचा गंज होतो. त्यावर तिसरेच जिवाणू साय धरतात. दिसायला थेट ऑइल. काडीनं फुटली की फुटलेलीच राहते ती, तेल पुन्हा जुळतं."

गुलाबबाईंच्या पायाचा अंगठा थांबला. शेठ हिशोबातून मान वर करून म्हणाले, "मग पावडर टाकून मारून टाका म्हणावं."

"काही उपयोग नाही, दादाजी. खाणं मिळतंय तोवर चार दिवसांत पुन्हा होतील. विहिरीजवळ कुठंतरी काहीतरी कुजतंय. दादी, आपल्याकडे शेणखड्डा आहे का? संडासची टाकी?"

"टाकी तर रस्त्याच्या अंगाला आहे," शेठ म्हणाले.

"मग काय असेल? दादी?"

गुलाबबाईंना पेव दिसलं. नुसतं पेव नाही, त्याच्या शेजारचा पाइपही दिसला. दोन वर्षांमागं घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला होता. स्लॅबचं पाणी पाइपातून परसात पडायचं, परसात चिखल व्हायचा, म्हणून पाइप कोपऱ्यात पेवाकडे वळवायला त्यांनीच गवंड्याला सांगितलं होतं. दोन पावसाळे सगळ्या स्लॅबचं पाणी त्या खड्ड्याच्या अंगावर पडत होतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "परसात काही नाही." आणि करंज्यांचं सारण ढवळायला उठल्या.

दिवाळी त्यांना गोड लागली नाही. पेव उघडायचं म्हणजे आतले हजारो जीव उन्हात काढायचे. सासूबाईंनी मरताना हात धरून सांगितलं होतं, माझं पेव सांभाळ. न उघडावं तर विहीर कुजत राहणार आणि भिंतीपलीकडचा माणूस न केलेल्या पापासाठी देशोधडीला लागणार. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर कोण? आपण! रात्री उठून त्या परसात जात, पेवाच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहत, परत येत. शेठांना एकदा सांगून पाहिलं. शेठ म्हणाले, "झालं ते झालं. पाडव्याला जागा मोकळी होतेच आहे. आता कशाला उकरायचं?" चांगली माणसंही सोयीचं असलं की किती पटकन विसरतात! आणि गुलाबबाईंना खरी चीड आली ती याची, की शेठांचं बोलणं ऐकून क्षणभर त्यांनाही हायसं वाटलं होतं.

मार्गशीर्षात एका सकाळी भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू आली. पण रोजची नव्हे. गुलाबबाईंनी डोकावून पाहिलं, तर भिमाजी शेडचे पत्रे उतरवत होता. हायवेला, पेट्रोल पंपाच्या पुढं, त्यानं जागा पाहिली होती. पाडव्याची वाट कोण बघतो?

गुलाबबाई चपला न घालताच पलीकडे गेल्या.

"भिमाजी, नाव घेऊन मागायला आलेय."

भिमाजी शिडीवर होता. त्यानं खाली पाहिलं.

"विहिरीवरचं ऑइल तुझं नव्हतं. ते ऑइलच नव्हतं. माझ्या पेवातलं धान्य कुजून विहिरीत उतरलंय. मला भाद्रपदापासून संशय होता, दिवाळीपासून खात्री आहे, आणि तरी मी गप्प बसले. तुझं नाव मी घालवलं. याची माफी दे."

भिमाजीनं एक नट फिरवून काढला, खिशात टाकला. मग म्हणाला, "हितं सांगून काय उपेग, काकी? तुमी हितं बोलला नव्हता. बायांपुढं बोलला व्हता. माझी झुंबर तवापासून हापशावर जाते."

बरोबर होतं. गुलाबबाई घरी आल्या नाहीत. तशाच अनवाणी, भर बाजारातून, शाळेजवळच्या हापशाकडे निघाल्या. शेठाणी अशी का चालली म्हणून दोन-चार जण मागं निघाले, आणि हापशापाशी पोचेपर्यंत चांगली जत्रा झाली. झुंबरबाई हापसत होती. गुलाबबाईंना दम लागला होता, पण थांबायचं म्हटलं तर धीर जाईल हे त्यांना माहीत होतं.

"झुंबर, ऐक. आणि तुम्ही सगळ्या ऐका. विहीर भिमाजीनं नासवली नाही. मी नासवली." आणि त्यांनी पेवापासून पाइपापर्यंत सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सखूबाईचं तोंड उघडं राहिलं, ही गोष्ट गावात पुढं बरेच दिवस सांगितली जायची. झुंबरबाईनं घागर भरून होईपर्यंत हापसणं सोडलं नाही. मग घागर उचलून म्हणाली, "पायाला खडं टोचलं असतील. माघारी जाताना कडंकडंनं जावा, मऊ माती हाय." एवढंच. त्यात माफी होती की नव्हती, हे गुलाबबाईंना कळलं नाही.

शेठांना आता पर्याय उरला नाही. त्यांनी पेव उपसायला दोन मजूर बोलावले. गुलाबबाई देवापुढं माळ घेऊन बसल्या; मणी पुढं सरकत होते, मन परसात होतं. सासूबाई, मी तुमचं पेव उघडतेय. त्यातले जीव मी नीट सावलीत नेऊन ठेवीन. मला क्षमा करा.

मजुरांनी झाकण काढलं आणि एक जण पाय आत सोडणार, तोच भिंतीवरून ओरडणं आलं, "ए, थांबा! आत कुनी उतरू नका!" भिमाजी भिंतीवरून उडी मारून आला. हातात कंदील. "आमच्या मावळणीच्या गावात पेवात उतरून बाप आन् ल्योक दोगं बी गेलं. आधी दिवा सोडत्यात, ठाव नाय व्हय तुमास्नी?"

त्यानं पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडला. गुलाबबाई माळ तशीच हातात घेऊन दारात आल्या. कंदील तोंडातून हातभर खाली गेला, ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथंच विझला, कुणीतरी आतून फुंकर मारावी तसा.

"आत हवा नाय," भिमाजी म्हणाला. "कुजून समदी संपली."

गुलाबबाई पुढं आल्या. रिद्धीचे शब्द त्यांना आठवले, खाताना ते हवा संपवतात. त्यांनी हळूच विचारलं, "मग आतले किडे?"

भिमाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला बोलायचं नव्हतं, पण खोटंही बोलवेना. "काकी, दिवा जिथं जळत नाय, तिथं किडा कसा जगंल? टाकल्या टाकल्या गुदमरत असतील."

गुलाबबाई तिथंच पायरीवर बसल्या. दोन वर्षं, कदाचित त्याहून जास्त, त्या हात जोडून जीव वाचवत होत्या, आणि प्रत्येक पोतं म्हणजे एक मसणवटा होता. ज्यांच्यासाठी त्यांनी पेव उघडायचं टाळलं, रात्री जागून काढल्या, शेजाऱ्याचं नाव मातीत जाऊ दिलं, ते कधीच मेले होते. जेवत होते ते भलतेच, ज्यांचा सासूबाईंना पत्ता नव्हता. गुलाबबाई रडल्या. पदर तोंडावर न घेता, चारचौघांत, मजुरांसमोर रडल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे हात मांडीवर स्वस्थ पडलेले लोकांनी पाहिले.

भिमाजीनं आपला पंखा आणून आत वारा भरला. कंदील तळापर्यंत जळत राहिला तेव्हाच माणूस उतरवला. वर आलं ते धान्य नव्हतंच. काळा, आंबूस राडा होता, घमेल्यामागून घमेली. तो गेणभाऊ नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात, बांधावरच्या आंब्याखाली पसरला. तिथं त्याचं खत होणार होतं. पाइप तोडून रस्त्याच्या गटाराकडे वळवला. मग भिमाजीनं इंजिन लावून विहीर उपसली. पाणी उंचावरून, हवेतून उडवून खाली पाडलं, ते जिथं पडलं तिथं जमीन तांबडी झाली. तीन-चार वेळा हे केल्यावर वास बराच गेला. गल्लीतल्या बायका परत येऊ लागल्या. भिमाजीनं या कामाचा एक शब्दही काढला नाही, आणि गुलाबबाईंच्या घरचा चहाही घेतला नाही. म्हणाला, "मानूस मेला असता म्हनून आलो व्हतो. विहीर काय, समद्यांची हाय."

शेठ एका संध्याकाळी स्वतः भिंतीपलीकडे गेले. "राहा रे भिमाजी. गाळे नाही काढत. शेड पुन्हा उभार."

"नगं, शेठ," भिमाजी म्हणाला. "पत्रा येकदा उचकटला की जुनी भोकं जुळत नाय. तिकडं ठोकलाय आता."

आणि तो गेला. भिंतीपलीकडे ऑइलचा एक काळा चट्टा तेवढा उरला. भिंतीपासून चांगला लांब, वाळलेला. दुपार झाली की गुलाबबाईंचे कान टवकारायचे. हाक यायची नाही. मग डबे मागचे पुढे, पुढचे मागे. विहीर सुधारली, गावानं माफ केलं, सखूबाई पुन्हा चेष्टा करू लागली, तरी बाईंना चैन पडेना. रिद्धी फोनवर म्हणाली, "दादी, तू कबूल केलंस ना सगळं? मग आता काय?" काय ते सांगता आलं असतं तर त्या स्वस्थ बसल्या नसत्या का?

पाडव्याला घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या. गुलाबबाईंनी विहिरीचं पाणी काढलं, दुहेरी फडक्यातून गाळलं, जीवाणी बादली टेकवून विहिरीत सोडली. मग फडताळातून जुना तांब्या काढला, तोच, भिंतीवर पालथा ठेवलेला. तो चिंचेनं घासला, भरला, वर फुलपात्र झाकलं, आणि शेठांना काही न सांगता हायवेची वाट धरली. ऊन होतं. ट्रका अंगावर आल्यासारख्या जात होत्या. रस्ता ओलांडताना तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

नव्या शेडमध्ये भिमाजी एका पंपाचं पोट उघडून बसला होता. समोर प्लॅस्टिकचा पाण्याचा कॅन होता. गुलाबबाईंना बघून तो उठला, हात पुसले.

इथं भिंत नव्हती. तांब्या ठेवायचा कशावर, हे त्यांना सुचेना. त्यांनी तो तसाच पुढं केला.

भिमाजीनं आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि घेतला. एक घोट प्यायला. घोट तोंडात घोळवला.

"अजून लोखंड लागतंय, काकी."

"हो," गुलाबबाई म्हणाल्या. "रिद्धी म्हणते, पूर्ण जायला अजून दोन पावसाळे लागतील."

"लागायचंच." भिमाजीनं मान वर केली आणि उरलेला तांब्या घटाघटा रिकामा केला. तोंड बाहीला पुसलं. गुलाबबाईंनी तांब्यासाठी हात पुढं केला, पण त्यानं तो दिला नाही. स्टुलावरचे नटबोल्ट बाजूला सारून त्यानं तो तिथं नीट, सुलटा ठेवला.

"ऱ्हाऊ द्या हितंच," तो म्हणाला. "उद्या दुसरा आना, मंग ह्यो न्या."